कप्प्याला काकडी

आमच्या फ्रिजच्या दारावर, वाणसामानाच्या यादीशेजारी, एक परवाना लावलेला आहे. पाकिटात मावेल एवढं कार्ड. लेकीच्या नावाचं. परवाना आहे कप्पा पकडण्याचा. सोबत अटी छापल्या आहेत. कप्पा जिवंत पकडावा, त्याला इजा करू नये. त्याच्या डोक्यावरच्या बशीतलं पाणी सांडू देऊ नये. धातूचं अवजार वापरू नये. आमिष म्हणून ताजी भाजी लावावी. ईशान्य जपानातल्या इवाते प्रांतात तोनो नावाचं गाव आहे, तिथल्या पर्यटन संघटनेकडून हा परवाना विकत मिळतो. घरी येणारे पाहुणे तो वाचून हसतात. मला मात्र त्या अटी वाचताना दर वेळी आत काहीतरी हलतं. ज्याची भीती वाटते त्याला इजा करायची नाही, एवढं तरी एका गावाने छापून ठेवलंय.

कप्पा हा शब्द आमच्या घरी आला तेव्हा मोठा गोंधळ उडाला होता. आम्ही तोक्योच्या निशीकासाईत राहायला आलो तेव्हा लेक सात वर्षांची होती. या भागात भारतीय खूप, गणपतीत आरतीचा आवाज कानावर पडतो, कोथिंबीर-कढीपत्ताही मिळतो. पण तिला घातलं होतं साध्या जपानी शाळेत. पहिल्या काही महिन्यांत ती घरी येऊन फारसं बोलायचीच नाही. एक दिवस शाळेच्या वाचनालयातून पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आई, यात कप्पा आहे." मला वाटलं पुस्तकाला खण आहे, कपाटाला असतो तसा. मग तिने चित्र दाखवलं. पाचसहा वर्षांच्या मुलाएवढा, हिरवट अंगाचा, पाठीवर कासवाचं कवच, पक्ष्यासारखी चोच आणि टाळूवर पाण्याने भरलेली बशी.

त्या रात्रीपासून आमचा पाठ सुरू झाला. ती जपानीतून वाचायची आणि मला मराठीत सांगायची. इथल्या मुलांच्या पुस्तकांत चिनी अक्षरांच्या बाजूला त्यांचा उच्चार सांगणारी, काना लिपीतली बारीक अक्षरं छापलेली असतात, त्यांच्या आधाराने ती अडखळत पुढे जायची. अडली की दोघी मिळून शब्दकोश बघायचो. शाळेत दिवसभर गप्प असणारी माझी मुलगी रात्री अर्धा तास माझी शिक्षिका व्हायची. त्या अर्ध्या तासाचं ऋण मी आयुष्यभर विसरणार नाही.

कप्पा नदीत राहतो. घोड्यांना, पोरांना पाण्यात ओढतो. त्याची सगळी ताकद त्या बशीतल्या पाण्यात असते. आणि तो विलक्षण शिष्टाचारी असतो. आपण कमरेत वाकून नमस्कार केला की त्याला उलट नमस्कार केल्यावाचून राहवत नाही. तो वाकला की पाणी सांडतं आणि कप्पा हतबल होतो. मग तो शब्द देतो, आणि दिलेला शब्द पाळतो. कप्प्याने लिहून दिलेल्या माफीपत्रांच्या, त्याने माणसांना हाडं बसवायला शिकवल्याच्या आख्यायिका जपानात गावोगाव आहेत. त्याला काकडी फार आवडते, म्हणून काकडी घालून केलेल्या सुशीच्या गुंडाळीला कप्पामाकी म्हणतात. लेकीच्या डब्यात ती आठवड्यातून एकदा तरी असतेच.

हे ऐकताना मला आजीचा गिऱ्हा आठवत होता. मालवणकडच्या आमच्या घरामागे खाडीचं पाणी येतं. तिन्हीसांजेला त्या बाजूला जायचं नाही, गिऱ्हा ओढून नेतो, एवढंच आम्हाला सांगितलेलं. तो कसा दिसतो, त्याला काय आवडतं, त्याच्याशी कसं बोलायचं, यातलं काही नाही. आमच्या वाट्याला फक्त मनाई आली. या मुलीच्या वाट्याला मात्र नियम आला होता, आणि नियम हातात असला की सात वर्षांचं मूलसुद्धा पाण्यापाशी उभं राहू शकतं.

जपानी दैवतकथांवर उभ्या असलेल्या मुलांच्या साहसकथा वाचताना मला पुन्हा पुन्हा हेच जाणवतं. तिथे पलीकडच्या जगाला शिस्त असते. घरी पाळतात तशी. चप्पल कुठे काढायची, कुठलं अन्न खायचं नाही, मागे वळून कधी बघायचं नाही. 712 साली लिहून झालेल्या कोजिकीत, म्हणजे जपानच्या आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या ग्रंथात, इझानागी हा देव आपल्या मेलेल्या पत्नीला आणायला योमी या पाताळात जातो. ती सांगते, मी इथल्या चुलीवरचं खाल्लंय, तरी विचारून बघते. तोवर माझ्याकडे पाहू नकोस. तो पाहतो. आणि तिथून पळताना पाठीवर लागलेल्या पिशाच्चांना अडवायला त्याच्या हाती शेवटी काय लागतं, तर पीचच्या झाडाची तीन फळं. तलवार नाही, फळं. पाताळात काही खायचं नाही हा नियम आज लिहिल्या जाणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्यांतही जिवंत आहे, आणि वाचणारं प्रत्येक जपानी मूल तो आधीपासून ओळखून असतं. लेखकाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच ग्रंथात सूर्यदेवी आमातेरासूची गोष्ट आहे. भावाच्या धुमाकुळाने भ्यालेली ती गुहेत जाऊन शिळा लावून घेते आणि जगात अंधार पडतो. 'याओयोरोझु' देव बाहेर जमतात, म्हणजे शब्दशः ऐंशी लाख. अर्थ मात्र आपल्या तेहतीस कोटींसारखाच, न मोजता येण्याइतके. त्यांच्यातली उझुमे नावाची देवी एक पिंप पालथं घालते आणि त्यावर पाय आपटत अशी काही नाचते की सगळे देव खदाखदा हसू लागतात. मी नाही तरी हे हसतात कसे, म्हणून सूर्यदेवी शिळा थोडी सरकवते, समोर धरलेल्या आरशात तिला तेज दिसतं, ती आणखी थोडी पुढे येते आणि दाराआड दबा धरून बसलेला एक दांडगा देव तिला हाताला धरून बाहेर काढतो. ही गोष्ट संपल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते हसले म्हणून ती आली. ओरडले असते तर आली नसती."

त्या आठवड्यात सकाळी शाळेत जायला ती तयार नसायची आणि मी ओरडत असे. पुढच्या सकाळी ओरडले नाही.

हे सगळं इतकं निर्मळ असतं तर मला लिहायची गरज वाटली नसती. या कथांचा एक काळा अध्यायही आहे आणि तो मला उशिरा कळला. मोमोतारो आपल्यापैकी काहींना माहीत असेल: नदीतून वाहत आलेल्या पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा. म्हाताऱ्या आईने करून दिलेले भरडधान्याचे लाडू कमरेला बांधून तो निघतो. वाटेत कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी भेटतात, प्रत्येकाला लाडू देऊन तो सोबती करतो आणि ओनी नावाच्या शिंगवाल्या राक्षसांच्या बेटावर स्वारी करून खजिना घेऊन येतो. लाडू वाटून दोस्ती जोडण्याचा भाग कुठल्याही मुलाला आवडेल असाच आहे. पण दुसऱ्या महायुद्धात हाच मुलगा सैन्याच्या कामाला लावला गेला. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट 1945 साली नौदलाच्या पाठबळावर निघाला, त्याचा नायक मोमोतारो होता. बेट दूरच्या दक्षिणेतलं आणि शिंगं उगवली होती ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर. बाळबोध गोष्टीतला राक्षस आणि खराखुरा माणूस यांच्यात किती पातळ पडदा असतो, ते तिथे दिसतं. परीकथा निरागस असतात असं मला कुणी म्हणालं की हे चित्र डोळ्यांपुढे येतं.

म्हणूनच सातो सातोरु या लेखकाविषयी मला एवढं प्रेम आहे. त्याचा जन्म 1928चा, म्हणजे त्याचं कोवळं वय युद्धात गेलं. 1959 साली त्याने एक कादंबरी आधी स्वतःच छापली. नावाचा मराठीत अर्थ, 'कुणालाच ठाऊक नसलेला छोटासा देश'. जपानी मुलांच्या आधुनिक अद्भुतकथेची सुरुवात त्या वर्षापासून धरतात. गोष्ट साधी आहे. एका लहान मुलाला गावाबाहेर एक छोटी टेकडी सापडते. तिथे झरा आहे. तिथे बुटक्या देवांची वस्ती होती असं एक म्हातारी त्याला सांगते. एकदा प्रवाहातून एक छोटा लाल बूट वाहत येतो आणि त्यात करंगळीएवढी माणसं बसलेली त्याला दिसतात. मग तो गाव सोडतो, युद्ध येतं, मोठा होतो, आणि युद्ध संपल्यावर परत ती टेकडी शोधत येतो. ती माणसं म्हणजे कोरोबोक्कुरु. उत्तरेकडच्या ऐनू लोकांच्या कथांमधले, मोठ्या पानांखाली राहणारे बुटके.

आता इथे साहस काय आहे? तो मुलगा कुठल्याही बेटावर स्वारी करत नाही. टेकडीवर खोपट बांधतो, वाट बघतो, त्या माणसांना आपला भरवसा वाटेपर्यंत थांबतो. टेकडीतून मोठा रस्ता जाणार असं कळतं तेव्हा ती राखायची कशी, एवढाच संघर्ष. बेट जिंकायला निघालेल्या मुलानंतर चौदा वर्षांनी टेकडी राखणारा मुलगा आला. युद्धात होरपळलेल्या माणसाने मुलांसाठी असं लिहावं, याहून मोठं धैर्य मला तरी सुचत नाही.

लेकीने ते पुस्तक चौथीत वाचलं, एकटीनेच. मला फक्त मधे मधे येऊन सांगायची. तोवर तिला माझी गरज उरली नव्हती.

पण तिला सगळ्यात जवळची गोष्ट दुसरीच आहे. झाशिकीवाराशी म्हणजे बैठकीच्या खोलीत राहणारं मूल. ईशान्य जपानातल्या जुन्या घरांत ते असतं म्हणतात. रात्री कागद चुरगळल्याचा आवाज येतो, धावल्याचा आवाज येतो, दार उघडावं तर कुणी नाही. ते घरात आहे तोवर घराला बरकत, गेलं की घर बसतं. मियाझावा केंजी हा त्याच भागातला कवी, तोनोपासून जवळच्या हानामाकीचा. त्याने ऐकलेल्या झाशिकीवाराशीच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. त्यातली एक अशी: एका मोठ्या घरात दहा मुलं हात धरून गोल गोल फिरत खेळत होती. मधेच कळलं की अकरा झाली आहेत. एकही चेहरा अनोळखी नाही. एकही चेहरा दोनदा नाही. तरी मोजावं तर अकरा. वाढलेलं एक झाशिकीवाराशी, हे मोठ्या माणसांनी सांगितलं. पण कोण ते? प्रत्येक मूल डोळे मोठे करून, तो मी नव्हेच अशा अवसानात गप्प बसून राहिलं.

ही गोष्ट तिने मला सांगितली तेव्हा आम्हाला इथे येऊन वर्ष होत आलं होतं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ती म्हणाली, "आई, आमच्या वर्गात पण एक जास्त आहे." मी विचारलं, कोण? "मी." आवाजात रडू नव्हतं. उलट एक प्रकारचा अभिमान होता. "मी आल्यापासून वर्गात बरकत आली असेल, त्यांना माहीत नाही."

मी घडी घालत राहिले. वर देखील पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मलाच रडू फुटलं असतं. परक्या मुलुखात आलेल्या लेकराला धीर द्यायला मी काय काय केलं होतं. त्या मातीतल्या एका पानाच्या गोष्टीने ते केलं. वर्गात नाव घेताना अडखळणारे, डब्यातल्या पोळीकडे टक लावून बघणारे, सगळे होते. त्यांचा मला राग होता. तिने मात्र स्वतःला त्यांच्याच घरातलं, त्यांच्याच जुन्या लाकडी घरातलं, भाग्य आणणारं मूल करून टाकलं होतं.

झाशिकीवाराशीच्या मुळाशी काय आहे, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. तो मुलुख थंडीचा आणि दुष्काळाचा. खाणारी तोंडं कमी करायला जन्मलेली बाळं मारली जात. घरातल्या घरात पुरली जात. झाशिकीवाराशी म्हणजे त्या बाळांची आठवण असावी असं काही अभ्यासक मानतात. कप्प्याच्या काही गोष्टींमागेही हेच सावट आहे. यानागिता कुनिओ या सरकारी नोकरीतल्या माणसाने सासाकी किझेन या तोनोच्या तरुणाकडून ऐकलेल्या 119 गोष्टी 1910 साली 'तोनो मोनोगातारी' या नावाने छापल्या. प्रती काढल्या अवघ्या 350. त्यात कप्प्यासारखी दिसतात म्हणून जन्मतःच संपवलेल्या बाळांच्या नोंदी आहेत, दोनचार कोरड्या ओळींत. वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती. मुलांच्या पुस्तकांत यातलं काही नसतं आणि नसावंच. पण ज्या माणसांनी त्या बाळांना घराचं भाग्य मानलं, ते गेलं तर घर बुडेल असं पोराबाळांना सांगितलं, त्यांनी आपल्या अपराधाला घरातच जागा दिली. मनाचा एक कप्पा, असं आपण मराठीत म्हणतो. त्यांनी त्याला हातपाय दिले आणि खेळायला सोडलं.

त्याच पुस्तकात कप्प्याची आणखी एक गोष्ट आहे. नदीवर घोडा थंड करायला नेला होता. कप्पा त्याला पाण्यात ओढायला गेला आणि उलट घोड्यानेच त्याला तबेल्यापर्यंत फरफटत आणलं. भ्यालेला कप्पा घोड्याच्या गव्हाणीखाली लपला. पालथी गव्हाण थोडी उचलून पाहिली तर खालून हात दिसला. सारा गाव जमला. मारायचा की सोडायचा यावर बोलणी झाली. अखेर इथून पुढे गावातल्या घोड्यांच्या वाटेला जाणार नाही असा शब्द घेऊन त्याला सोडून दिलं. तो गाव सोडून गेला आणि दूर एका धबधब्याच्या डोहात राहतो, असं शेवटी लिहिलंय. कुठे गेला तेही लोकांना माहीत आहे! हद्दपार केलेल्याचा पत्ता ठेवणारं गाव मला फार थोर वाटतं.

वस्तूंविषयीही तेच. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो अशी जुनी समजूत आहे. अशा वस्तूंना त्सुकुमोगामी म्हणतात. एका पायावर उड्या मारणाऱ्या एकडोळ्या छत्रीची चित्रं मुलांच्या पुस्तकांत हमखास असतात. टाकून दिलेल्या भांड्याकुंड्यांनी रागावून माणसांवर सूड उगवल्याची चित्रकथा तर शेकडो वर्षं जुनी आहे. लेकीला हे पटवून द्यावं लागलं नाही. खंडेनवमीला माझी आई शिलाई मशीनला हळदकुंकू वाहते, त्या दिवशी पायट्याला पाय लावू देत नाही, हे तिने पाहिलेलं आहे. 8 फेब्रुवारीला आम्ही दोघी आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात गेलो होतो. तिथे आवाशिमादो नावाच्या छोट्या देवळासमोर वर्षभरात मोडलेल्या सुयांची पूजा असते. पांढऱ्याशुभ्र तोफूची, म्हणजे सोयाबीनच्या पनीरची, मोठी लादी मांडलेली, मऊ, ओलसर, आणि बायका एकेक करून आपली मोडकी सुई तीत खोचत होत्या. जन्मभर जाड कापडात घुसून थकलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून तोफू. लेकीने माझ्या डब्यातली नेढं तुटलेली सुई आणली होती. ती खोचताना तोफूवर बारीकसा खळगा पडला, पाण्याचा एक थेंब वर आला. तिने हात जोडले आणि मराठीत म्हणाली, "थँक्यू हं." मशीनवर बसणाऱ्या आजीच्या वतीनेही म्हणाली असावी.

तोनोला आम्ही गेल्या उन्हाळ्यात गेलो. शिनकान्सेन या वेगवान गाडीने शिनहानामाकीपर्यंत, तिथून कामाइशी मार्गावरची छोटी गाडी. दोन्ही बाजूंना भातशेती, मागे डोंगर. डोळे किलकिले करून पाहिलं तर कणकवलीचा रस्ता. जोकेन्जी देवळाच्या आवारातल्या दगडी कुत्र्याच्या डोक्यावर बशीसारखा खळगा आहे. देवळाला आग लागली तेव्हा कप्प्याने डोक्यावरचं पाणी ओतून ती विझवली, त्याची ही आठवण. देवळामागे ओढा आहे. कप्पाबुची म्हणतात त्याला, कप्प्याचा डोह. डोह कसला, पोटरीभर पाणी, वरून झाडांची दाट सावली, काठाला छोटंसं देऊळ. त्यात लाल कापडाच्या, आत काही भरून शिवलेल्या छोट्या उशांसारख्या जोड्या ठेवलेल्या. जवळ गेल्यावर कळलं, ते स्तन आहेत. बाळाला दूध पुरावं म्हणून बाया वाहतात. बाळांच्या मरणाच्या गोष्टी ज्या पाण्याभोवती आहेत, तिथेच बाळांच्या दुधाचा नवस. मी तिथे हात जोडून उभी राहिले आणि बराच वेळ मला हलता आलं नाही.

लेक मात्र कामाला लागली होती. काठावर बांबूची काठी, तिला दोरी, दोरीला काकडी. परवाना खिशात. तिने काकडी पाण्यावर टेकवली, मग काठी खाली ठेवली, दोन्ही हात मांडीला लावून कमरेत वाकली. शाळेत शिकवतात तशी, पाठ सरळ ठेवून, मनात तीन मोजेपर्यंत. आता ती दहा वर्षांची आहे. कप्पा येणार नाही हे तिला माहीत आहे. तरी ती वाकलेली असताना मी पाण्याकडे पाहत होते.

परतीच्या गाडीत तिने विचारलं, "आई, आजीच्या गिऱ्ह्याला काकडी चालेल?"

मला उत्तर येत नव्हतं. गिऱ्हा काय खातो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ज्या आजीने सांगितलं असतं ती आता नाही. हानामाकीला उतरल्यावर मालवणला आईला फोन लावला. प्रश्न ऐकून ती क्षणभर थांबली.

"गिऱ्ह्याक काकडी?" आई म्हणाली. "अगो, तेका मासे व्हये. तुझी आजी बांगड्याचा एक तुकडो काठार ठेवी, तुका ठावक नाय?"

मला ठाऊक नव्हतं. लेक फोनला कान लावून बसली होती. तिने वही काढली आणि लिहून घेतलं.